दोघींचा चपळांक

सत्त्याण्णव!

चिंचेच्या तालमीच्या भिंतीवरच्या पडद्यावर आकडा उमटला आणि आत नुसता दंगा उसळला. कुणी शिट्टी मारली, कुणी पाण्याची पिंपं बडवली, गोलकीपर पोरीनं तर हातमोजे छताकडं भिरकावले आणि त्यातला एक पंख्यात अडकला. सतरा वर्षांखालच्या मुलींमध्ये राज्यातला आजवरचा सगळ्यात मोठा चपळांक! पुण्याच्या शिबिरातल्या तयार पोरीसुद्धा नव्वदीत धापा टाकायच्या. आणि हा आकडा कोल्हापूरच्या पेठेतल्या एका तालमीत, दोन वर्षांच्या कोवळ्या संघात, रुद्राणी सरनोबतच्या नावासमोर लकाकत होता.

"रुदे, काटा कीर्र!"

दहावीतली रुद्राणी हसली, हात उंचावले, पोरींनी उचललं तेव्हा उचलूही दिलं. पण त्या सत्त्याण्णवातले आपले किती, हे तिला ठाऊक नव्हतं. सगळे नव्हते एवढं नक्की. उरलेले जिचे होते ती तरन्नुम शिकलगार दाराच्या चौकटीला टेकून दोन बोटं तोंडात घालून सगळ्यांहून मोठी शिट्टी वाजवत होती.

झालं होतं असं.

तीन महिन्यांपूर्वी पुण्याच्या 'त्वरा' कंपनीनं राज्यातल्या निवडक संघांना वेगमोजे वापरायला दिले. मांडीपर्यंत येणारे राखाडी मोजे, कापडात केसाएवढ्या तारा विणलेल्या, आणि कमरेला हिशेब करणारा एक बिनतारी पट्टा. ते द्यायला आलेल्या इंजिनिअरनं, निरंजन कुबल त्याचं नाव, तालमीच्या लाल मातीच्या कडेला उभं राहून मुलींना समजावलं होतं.

"समोरचीनं चेंडू उजवीकडं वळवला. तुमच्या डोळ्यांनी बघितलं, मेंदूनं ठरवलं, पायाला निरोप गेला, पाय हलला. याला किती वेळ लागतो?"

"लगेच की!" गोलकीपर म्हणाली.

"सेकंदाचा पाचवा भाग. आणि गंमत म्हणजे मोठ्या खेळाडूंनाही जवळजवळ तेवढाच लागतो. त्यांच्या नसा काही तुमच्याहून वेगवान नसतात. मग ते चपळ का? तर ते आधी निघतात. समोरचीची कंबर वळायला लागली, खांदा जरासा झुकला, की त्यांचा पाय निघालेला असतो. हे वाचायला शिकायला दहा-दहा वर्षं लागतात. मोजे ते सहा आठवड्यांत शिकवतात."

कसं, तेही त्यानं सांगितलं. मैदानात दिव्यांचे सहा खांब रोवायचे. कधी कुठला पेटेल सांगता येत नाही, पेटला की तिकडं वळायचं. खांबांवरचे कॅमेरे समोरच्या खेळाडूंच्या हालचाली टिपतात. मोजे स्नायूंतली वीज वाचतात. पुढचं पाऊल कुठं पडायला हवं हे पट्टा ठरवतो आणि तुमच्या मेंदूचा निरोप पोचायच्या किंचित आधी नेमक्या स्नायूला एक बारीकशी झिणझिणी देतो. इतकी किंचित आधी, की मेंदूला वाटतं, हे मीच केलं. मेंदूला श्रेय घ्यायची भारी हौस! असं हजारो वेळा झालं की नसांना वाट पाठ होते. मग मोजे काढले तरी पाय आधी निघतो. किती आधी, याचे शंभरापैकी गुण म्हणजे चपळांक.

"आणि एक," कुबल म्हणाला होता, "डावा मोजा सारखा उजव्याला विचारत असतो, तू काय करतोयस? उजवा डाव्याला विचारतो. दोघांचं जमलं तरच तोल राहतो. म्हणून एक जोड, एक खेळाडू. करारात तसं लिहिलंय. अदलाबदल चालणार नाही."

पेट्या आल्या अकरा. मुली बारा.

कंपनीनं आधीच एक चाचणी घेऊन अकरा नावं काढली होती. तरन्नुम बारावी आली. त्या दिवशी तिच्या अंगात ताप होता आणि तिनं तो कुणाला सांगितला नव्हता. सांगितला असता तर बापू वस्तादांनी मैदानात उतरूच दिलं नसतं.

आता चिंचेच्या तालमीची एक रीत आहे. सकाळी इथं पोरं कुस्ती खेळतात, संध्याकाळी फुटबॉलवाले येतात, आणि दोन्हीकडं थंडाईचा तांब्या फिरतो. तांब्या ज्याच्या हातात येईल त्यानं शेवटच्या माणसाकडं बघून घोट घ्यायचा. तालमीत आलेली वस्तू एकट्यानं खायची नाही. बापू वस्ताद एकेकाळी मल्ल होते, मग गोलकीपर झाले, आता मुलींना शिकवतात. ओरडतात क्वचितच. पण एका पोरानं एकदा अख्खं केळं कोपऱ्यात बसून संपवलं, तेव्हा त्यांनी त्याला महिनाभर तालीम झाडायला लावली होती.

त्यामुळं पेटी उघडल्यावर रुद्राणीनं जे केलं, ते करताना तिनं काही विचारबिचार केला नाही. ती डाव्या पायाची. तरन्नुम उजव्या पायाची. तिनं उजवा मोजा काढून तरन्नुमच्या अंगावर फेकला.

"घाल."

"आगं, तो इंजिनिअर म्हणाला न्हवं, चालत नाही."

"तो पुण्याला गेला. घाल म्हणतोय न्हवं मी!"

(कोल्हापूरच्या पोरी 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात. इतरांना गंमत वाटते. वाटू दे.)

पट्टा रुद्राणीच्या कमरेला. डावा मोजा तिच्या पायात, उजवा तरन्नुमच्या. दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, दिवा पेटला, एक डावीकडं निघाली, दुसरी अर्ध्या पावलानं मागून निघाली, आणि पट्ट्यातून एक अतिशय सभ्य बाई बोलली, "खेळाडू पडली आहे. कृपया मदत करा."

"कोण पडलो? मी उभा राहिलोय की!" तरन्नुम पट्ट्यावर खेकसली.

पुन्हा दिवा. पुन्हा बाई. "खेळाडू पडली आहे. कृपया मदत करा."

पहिल्या दिवशी बाईनं त्यांना चाळीस वेळा पाडलं. बिचाऱ्या पट्ट्याला कळेना की हा कसला माणूस, ज्याचा डावा पाय इकडं आणि उजवा तिकडं. बाईचं तोंड बंद करायचं तर एकच उपाय होता, दोघींची पावलं एका शरीराची वाटायला हवीत. मग दोघी हट्टाला पेटल्या. रुद्राणी दिव्याकडं बघायची सोडून डोळ्याच्या कडेनं तरन्नुमची कंबर बघायला लागली. तरन्नुम रुद्राणीचा खांदा. शाळेत जातानासुद्धा दोघी पाऊल जुळवून चालायच्या, बोलता बोलता एकदम वळायच्या, आणि मागून येणाऱ्या सायकलवाल्यांच्या शिव्या खायच्या.

तिसऱ्या आठवड्यात बाई गप्प झाली.

आणि मग जे व्हायला लागलं, ते कंपनीच्या कुठल्याच माहितीपत्रकात नव्हतं. तरन्नुमच्या उजव्या पायाचा स्नायू आवळायला लागला की त्याचा निरोप पट्ट्यातून रुद्राणीच्या डाव्या पायात यायचा. तिकडून इकडं, इकडून तिकडं, दिवसातून हजार वेळा. रुद्राणीच्या नसा दुसरीच्या शरीरावरून वेळ शिकत होत्या. सहा आठवडे संपले तेव्हा मोजे काढून खेळतानाही तरन्नुम वळणार हे रुद्राणीच्या पायाला आधी कळायचं, रुद्राणीला मागाहून.

बापू वस्तादांनी हे बघितलं होतं का? बघितलं असणार. ते एवढंच म्हणाले, "पोरींनो, तुम्ही दोघी खेळताय का एक?" आणि मिशीत हसले.

तर असा तो सत्त्याण्णव, पट्ट्याच्या सगळ्या नोंदीतून निघालेला. दोघींचा मिळून. आणि पडद्यावर नाव एकीचं.

दुसऱ्याच दिवशी पुण्याहून बोलावणं आलं. राज्याचं शिबिर, दोन महिने, तिथून पुढं देशाच्या संघाची निवड. फक्त रुद्राणी सरनोबत. ज्यासाठी ती सातवीपासून पहाटे उठत होती, तेच.

"जा की," तरन्नुम म्हणाली. "तोंड का पाडलंयस? मी असतो तर उड्या मारत गेलो असतो."

"आणि तू?"

"मी येतो बॅग उचलायला. वस्ताद घेऊन चाललेत मला. त्यांना पुण्यात रस्ता कळत नाही म्हणे."

वस्तादांना पुण्यातली बोळ न् बोळ पाठ होती. तरी तिघं एसटीनं पुण्याला निघाले.

*

शिबिराचं मैदान बघून रुद्राणीचा जीव हरखला. हिरवंगार, सपाट, एक खडा नाही. दिव्यांचे खांब सहा नव्हे, चोवीस. निवड समितीच्या प्रमुख अनघा केळुसकर मॅडम सावलीत उभ्या होत्या. एकेकाळच्या नावाजलेल्या बचावपटू. चालताना उजवा गुडघा अजून जरा अडकायचा. त्यांच्या शेजारी कुबल, गालभर हसू घेऊन.

"सत्त्याण्णव! बघू दे मला डोळ्यांनी," मॅडम म्हणाल्या.

रुद्राणीला नवी कोरी जोडी मिळाली. दोन्ही मोजे. दोन्ही तिचेच पाय. दिवा पेटला.

डावा पाय निघाला आणि कुणाची तरी वाट बघत थबकला. शेजारी कुणीच नव्हतं. उजव्या पायात झिणझिणी आली, पण त्या बिचाऱ्याला ती भाषाच येत नव्हती, त्याला कुणी कधी शिकवलंच नव्हतं. दुसरा दिवा. तिसरा. पाचव्या दिव्याला तिचा एक पाय पूर्वेला आणि दुसरा दक्षिणेला गेला, आणि रुद्राणी त्या सुंदर हिरवळीवर तोंडावर आपटली.

"खेळाडू पडली आहे," पट्टा म्हणाला. "कृपया मदत करा."

या खेपेला बाई खरं बोलत होती.

चपळांक आला अठ्ठावन्न. काठावर बसलेल्या शिबिरातल्या मुलींपैकी एक हळूच म्हणाली, "कोल्हापूरचं मीटर जोरात पळतं वाटतं," आणि बाकीच्या फिदीफिदी हसल्या. रुद्राणीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिनं लांब कट्ट्यावर बसलेल्या तरन्नुमकडं बघितलं. तरन्नुम उठून उभी राहिली होती, मुठी वळून.

अर्ध्या तासानं कार्यालयात कुबल पडद्याकडं बघत पेनाचं टोपण चावत होता.

"मॅडम, जुनी सगळी नोंद उघडली मी. डाव्या पायाचं पाऊल चौऱ्याऐंशी सेंटिमीटर, उजव्याचं शहात्तर. असा माणूस नुसता गोल गोल फिरत राहील. दोन पायांच्या घामातलं मीठ वेगळं. यंत्रणेनं दोनदा लाल खूण केली होती, आम्हाला वाटलं तार तुटली असेल." त्यानं रुद्राणीकडं बघितलं. चिडून नव्हे, एखादं न सुटणारं गणित बघावं तसं. "या दोन मुली आहेत ना?"

रुद्राणीनं मान हलवली. "मी आणि तरन्नुम शिकलगार. ती बाहेर बसलीय. पेट्या अकरा होत्या आणि आम्ही बारा. म्हणून मी एक मोजा दिलो."

"दिलास?" केळुसकर मॅडम.

"व्हय. मीच दिलो."

मॅडमनी खुर्ची पुढं ओढली.

"हे बघ बाळ, मी काही तुझ्या वाईटावर नाही. छत्तीस जिल्ह्यांतून चोवीस मुली निवडते मी. उद्या प्रत्येक जण उठून म्हणेल, माझा आकडा मैत्रिणीनं वाढवला, चालवून घ्या. तुझ्या डाव्या पायात दम आहे, तो मला दिसला. सहा आठवडे नीट, एकटीनं तयारी कर, मी पुन्हा चाचणी घेते. तुझी जागा तोवर राखून ठेवते. पण करार मोडलाय, त्याला काहीतरी कारण लागेल." त्यांनी एक कोरा कागद पुढं सरकवला. "त्या मुलीनं तुला न विचारता मोजा वापरला, एवढं लिहून दे. तिचं तसंही नोंदणीत नाव नाही, तिला काही शिक्षा होणार नाही. तू लिहिलं नाहीस तर मात्र तुझी निवड रद्द, आणि तुमच्या तालमीच्या अकराही पेट्या परत."

"अकराही?"

"अर्धा तास घे. विचार कर."

बाहेर व्हरांड्यात येऊन रुद्राणीनं आईला फोन लावला. आई शहर वाहतुकीची विजेवरची बस चालवायची. आत्ता ती डेपोत जेवणाचा डबा उघडत होती. रुद्राणीनं एका दमात सगळं सांगितलं.

पलीकडं डब्याचं झाकण वाजलं. "लिहून दे," आई म्हणाली. "तरन्नुम गुणाची पोरगी हाय, खरं तिला पुढं मिळंल की संधी. तुझी आलेली कशाला घालवतीस? एक ओळ तर लिहायची. ती काय मनावर घेणार नाही."

"तेच की, आई. ती मनावर घेणार नाही."

"मग झालं तर!"

"मी घेईन."

डेपोत लांबून कुणीतरी आईला हाक मारली. "मग मला विचारलीस कशाला?"

"तू हो म्हणालीस की मला नाही म्हणायला जोर येतो."

"आता येशील न्हवं घरी, मग दाखवतो तुला जोर," आई म्हणाली. पण फोन ठेवता ठेवता हळूच विचारलंच, "जेवलीस का?"

तरन्नुम खांबाआड उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं, आणि ऐकलं नाही असं भासवायचा तिनं प्रयत्नही केला नाही.

"लिही," ती म्हणाली. "घाल माझं नाव. न विचारता कशाला, चोरला म्हण. सांगतो मी आत येऊन, मी चोरलो."

"गप बस."

"गप कशाला? आज रात्री मी तसाही परत चाललोय. तू राहा. दोघींतली एक तरी राहू दे की! आणि त्या दहा पोरींच्या पेट्या? त्यांचं काय वाकडं झालंय?" बोलता बोलता तिचा आवाज फाटला. "मला काय बरं वाटतंय होय, तुझ्या नावावर सत्त्याण्णव बघून? शिट्टी मारलो मी, कारण रडायचं न्हवतं मला. आता अठ्ठावन्न बघितल्यावर तर... रुदे, माझ्यामुळं पडलीस तू. माझ्यामुळं तुझा उजवा पाय अडाणी राहिला."

हे रुद्राणीला सुचलंच नव्हतं. तिला इतका वेळ वाटत होतं, तरन्नुमचं आपण घेतलं. तरन्नुमला वाटत होतं, रुद्राणीचं तिनं घेतलं. दोघी एकमेकींच्या उसनवारीत बुडालेल्या, आणि समोर एक कोरा कागद!

आणि मग रुद्राणीला राग आला. असा कडकडून, मस्त, पायाच्या अंगठ्यापासून वर चढणारा राग. तरन्नुमवर नाही, मॅडमवरही नाही. त्या आकड्यावर. एकटी धावली तर अठ्ठावन्न, दोघी धावल्या तर सत्त्याण्णव, आणि हे लोक म्हणतात की सत्त्याण्णव खोटा! फुटबॉल काय एकट्यानं खेळतात?

वस्ताद जिन्याच्या पायरीवर बसून शेंगदाणे सोलत होते. रुद्राणी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"वस्ताद, पेट्या परत गेल्या तर?"

त्यांनी एक शेंग फोडली. "पेट्या यायच्या आधी तालीम होती का न्हवती?"

"होती."

"मग मला काय विचारतीस? जा, आत बोल. आणि खाली बघून बोलू नकोस."

*

रुद्राणी आत गेली ती तरन्नुमचा हात धरूनच. कागद तिनं तसाच कोरा मॅडमच्या पुढं ठेवला.

"मी लिहिणार नाही. मोजा मी दिलो आणि पुन्हा मिळाला तर पुन्हा देईन. आमच्यात तशीच रीत आहे. शिक्षा करा, मला करा. पण आकडा खोटा न्हवता, मॅडम. तुम्ही मोजला चुकीचा."

"चुकीचा?" मॅडमच्या भुवया वर गेल्या.

"एकटीचा मोजला. आम्हाला दहा मिनिटं द्या. मोजे नको, पट्टा नको. आम्ही दोघी, आणि तुमच्या शिबिरातल्या कुठल्याही चार. त्या मघाशी हसणाऱ्या दिल्या तर लई बरं होईल."

"ही काय गल्लीतली मॅच आहे?"

"मॅडम," कुबल मध्येच बोलला. टोपण आता पार चपटं झालं होतं. "दहा मिनिटं. माझ्यासाठी. बारा वर्षं मी पाय मोजतोय. मोज्यांशिवाय एकीच्या नसांनी दुसरीच्या हालचालीची वेळ पाठ केली असेल, तर... मला ते बघायचंच आहे."

मॅडमनी घड्याळ बघितलं. गुडघा चोळला. "दहा म्हणजे दहा."

चार मुली उतरल्या. उंच, शिस्तीच्या, तीन-तीन महिने मोज्यांवर घोटलेल्या. पहिलं मिनिटभर तर त्यांनी या दोघींना चेंडू शिवूच दिला नाही. दुसऱ्या मिनिटाला गोल. काठावर टाळ्या.

"तरे, लांब कुठं पळतीस?" रुद्राणी ओरडली.

"चौघी आहेत! पसरायला नको?"

"नको! शाळेत जाताना कसं चालतो?"

तरन्नुम हसली. आली शेजारी, दोन हातांवर. आणि बघणाऱ्यांना पुढचं नीट सांगता आलं नाही, इतकं ते पटपट झालं. तरन्नुमची कंबर जराशी वळली, तेवढ्यात रुद्राणीचा डावा पाय निघालाही होता, चेंडू जिथं यायचा होता तिथं. समोरची मुलगी चपळ होती, सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आतच वळली, पण वळली ती चेंडूकडं, आणि चेंडू तोवर तरन्नुमच्या उजव्या पायात परत गेलेला. पुन्हा डाव्यात. पुन्हा उजव्यात. चार पायांची, दोन डोक्यांची एक भलतीच पोरगी मैदानातून सुसाट निघाली होती, आणि तिचा कुठला पाय पुढं पडणार हे कुणाच्याच नसांनी कधी वाचलेलं नव्हतं.

एक-एक. मग दोन-एक. मग शिबिरातल्या उंच पोरीनं लांबून एक झणझणीत फटका हाणला, दोन-दोन. ती पोरगी खरंच भारी होती, रुद्राणीनं तिला पळता पळता अंगठा दाखवला. आता काठावर कुणी हसत नव्हतं, सगळ्या उभ्या होत्या. शेवटच्या मिनिटाला दोघींच्या भोवती चौघींनी कडं केलं. रुद्राणीनं डोळे चेंडूवरून काढले. शेजारी श्वास ऐकू येत होता, तेवढ्यावरच ती निघाली. चेंडू तिच्या पायात आला तेव्हा तिच्यासमोर फक्त जाळी होती.

तीन-दोन.

कोल्हापुरात ही मॅच असती तर पेठेनं आभाळ डोक्यावर घेतलं असतं. इथं फक्त बापू वस्तादांनी शेंगांची टरफलं झटकली आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "शाब्बास रं माझ्या वाघिणींनो!"

कुबल धावतच आला. "असं कुणी... म्हणजे जोडीनं शिकवायचं! अख्खी यंत्रणाच नव्यानं लिहायला लागेल! मुलींनो, तुम्ही दोघी मला सहा महिने द्या. रोज तारा लावून नोंद घेऊ, आणि..."

"तारा नंतर," रुद्राणी धापा टाकत म्हणाली. "आधी नाव."

सगळे केळुसकर मॅडमकडं वळले. त्या हिरवळीकडं बघत होत्या. दोघी वळल्या होत्या तिथं गवतात चार पावलांचा एकच ओरखडा उठला होता.

"करार मोडल्याचा अहवाल मला द्यावाच लागेल," शेवटी त्या म्हणाल्या. "पेट्या परत जातील."

"जाऊ द्यात," वस्ताद म्हणाले. "खरं अहवालात हेही लिहा, पेट्या अकरा होत्या आणि पोरी बारा."

मॅडमच्या तोंडाचा एक कोपरा हलला. त्यांनी हातातल्या फाइलमधून प्रवेशाचा अर्ज काढला आणि रुद्राणीपुढं धरला. "तुझी जागा मी रद्द करत नाही. पण जागा एक आहे. चोवीस खाटा, चोवीस नावं. या मुलीसाठी मी वर बोलून बघेन, पुढच्या वर्षी..."

रुद्राणीनं अर्ज घेतला. कुबलच्या खिशातला चावलेला पेन उपसला, तरन्नुमला पाठमोरी वळवलं आणि तिच्या घामेजल्या पाठीवर कागद ठेवून लिहायला लागली.

"ए, गुदगुल्या होतात!"

"हलू नकोस. स्पेलिंग सांग आडनावाचं."

"काय लिहितेस?" मॅडमनी विचारलं.

"नाव, मॅडम."

"एकच रकाना आहे तिथं."

"व्हय, म्हणून बारीक अक्षरात लिहितोय." तिनं शेवटचं अक्षर कोंबलं, वर फुंकर मारली आणि कागद दोन्ही हातांनी मॅडमपुढं धरला. एका रकान्यात दोन ओळी होत्या, दाटीवाटीनं, वर तरन्नुम आणि खाली रुद्राणी.

"असा अर्ज कुणी मान्य करणार नाही."

"मग भांडा, मॅडम. तुम्ही बचावपटू होता ना? आम्ही मैदानात असतो, तोवर आणखी चौघी पाठवा."

आणि उत्तराची वाट न बघता दोघी वळल्या, एकदम, एकाच पावलानं, आणि पुन्हा हिरवळीवर उतरल्या.